ऑफिसात आपली किंमत कोण ठरवतं?

तोच माणूस, तेच शिक्षण, तितकाच अनुभव. एका ठिकाणी तो मीटिंगमध्ये मोकळेपणानं बोलतो, चुकलं तर लगेच सांगून टाकतो, नवं काम अंगावर घ्यायला पुढे असतो. मग नोकरी बदलते. वर्षभरात हाच माणूस दोन ओळींची मेल पाठवण्याआधी चारदा वाचतो, शंका विचारायची म्हटली तरी जीभ चावतो, आणि रात्री पडल्या पडल्या आपल्याला खरंच काही येतं का, याचा विचार करत राहतो. त्याचं कसब कुठेही गेलेलं नसतं. बदललेलं असतं ते भोवतालचं वातावरण.

आत्मसन्मान ही ज्याची त्याची आतली बाब, तो पक्का असेल तर बाहेरच्या कशानंही ढळत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. हे अर्धंच खरं आहे. राहिलेला अर्धा भाग ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगली माणसं वर्षानुवर्षं स्वतःलाच बोल लावत बसतात. ‘मीच कमी पडतो’, ‘माझ्यातच दम नाही’ असं ठरवून मोकळी होतात. म्हणून हा विषय नीट उलगडून पाहायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मन हे मोजतं कसं?

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये एक साधी पण खोल गोष्ट मांडली. माणूस स्वतःला थेट जोखत नाही. समोरच्याला आपण कसे दिसत असू आणि त्यावरून तो आपल्याविषयी काय मत करून घेत असेल, याचा तो अंदाज बांधतो. त्या अंदाजातून त्याला स्वतःचा अभिमान वाटतो किंवा लाज. समोरच्याच्या मनात प्रत्यक्षात काय आहे, हे इथे दुय्यम ठरतं. आपण लावलेला अंदाजच आपलं काम करून जातो.

पुढे १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांच्या मते स्वतःच्या किमतीची भावना ही गाडीतल्या इंधनाच्या काट्यासारखी असते. आपल्या माणसांत आपल्याला किती जागा आहे, आपण किती हवेसे आहोत, हे तो काटा दाखवतो. कळपात राहून जगलेल्या प्राण्याला ही माहिती जिवाइतकी मोलाची होती, त्यामुळे काटा खाली गेला की मनाला लागतं. हे लागणं म्हणजे दुबळेपणा नव्हे. ती यंत्रणा नीट चालू असल्याची खूण आहे. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. काटा बोटानं वर ढकलल्यानं टाकी भरत नाही. लोकांना रोज कमी लेखणाऱ्या ठिकाणी वर्षातून एकदा आत्मविश्वास वाढवण्याचं शिबिर घेणं म्हणजे नेमकं हेच आहे, आणि त्याचा मला राग येतो, कारण त्यात दोष पुन्हा कर्मचाऱ्याच्याच पदरात टाकला जातो.

आता नोकरीकडे येऊ. आपण जागेपणीचा मोठा वाटा कामावर घालवतो, तोही आपण न निवडलेल्या माणसांबरोबर, आणि त्यातल्या काहींच्या हातात आपला पगार, रजा आणि बढती असते. अंदाज बांधायला इतकी सुपीक जमीन दुसरीकडे क्वचितच मिळेल. १९८९ मध्ये जॉन पिअर्स, डोनाल्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाच्या ठिकाणच्या आत्मसन्मानासाठी दहा विधानांची वेगळी मोजपट्टी तयार केली. इथे माझं म्हणणं गांभीर्यानं घेतलं जातं, इथे माझ्यावर विश्वास ठेवतात, माझ्या असण्यानं इथे फरक पडतो, अशा आशयाची ती विधानं आहेत. माणूस एकंदरीत स्वतःला ठीकठाक समजत असला तरी एका विशिष्ट संस्थेत त्याला आपण बिनकामाचे वाटू शकतो, आणि उलटही होऊ शकतं, हे त्यामागचं गृहीत. ही भावना तीन वाटांनी घडते असं या संशोधकांनी पुढे मांडलं: संस्थेचे नियम आणि रचना काय सुचवतात, महत्त्वाची माणसं काय बोलतात आणि कसं वागतात, आणि स्वतःला कामात यश-अपयश कसं येतं.

नियमही बोलतात

पहिली वाट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नियम कोरडे असतात, त्यात भावनेचा काय संबंध, असं वाटतं. पण नियम सतत काहीतरी सांगत असतात. दहा वर्षं हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला किरकोळ खर्चासाठी तीन सह्या आणाव्या लागत असतील, ग्राहकाला जाणारी प्रत्येक मेल आधी वरिष्ठाला दाखवावी लागत असेल, जागेवरून उठल्याची नोंद होत असेल, तर त्याला रोज एकच निरोप मिळतो: तुझ्या विवेकावर आमचा भरवसा नाही. असं तोंडानं कुणी म्हणत नाही. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करायलाही कुणी समोर नसतं, आणि काही काळानं माणूस स्वतःच्या निर्णयावर स्वतःही भरवसा ठेवेनासा होतो.

कामावर आपला ताबा किती, ही बाब किती खोलवर जाते याचा अंदाज ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रसिद्ध अभ्यासांवरून येतो. लंडनमधल्या कचेऱ्यांतल्या १७ हजारांहून अधिक पुरुषांचा पहिला अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे पक्क्या नोकरीत, बहुतेक कचेरीत बसून काम करणारे. तरी हुद्दा जसजसा खाली, तसतसं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणं जमेला धरूनही त्या फरकाचा थोडाच भाग उलगडला. मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. त्यात कामावर ताबा कमी असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचं दिसलं. हे अभ्यास आरोग्याचे, आत्मसन्मानाचे नव्हेत. पण हुद्द्याची उतरंड कागदावर राहत नाही, ती माणसाच्या अंगात उतरते, एवढं त्यातून नक्की कळतं.

भिंतीवर लावलेल्या ध्येयवाक्यांबद्दल मात्र फार बोलायला नको. एडगर शाइन यांनी संस्थांच्या संस्कृतीचा अभ्यास करताना सांगितलं होतं की दिसणाऱ्या गोष्टी आणि जाहीर केलेली मूल्यं या वरच्या दोन थरांखाली एक तिसरा थर असतो, कुणी बोलून न दाखवलेल्या गृहीतकांचा. नवीन माणूस पाट्या वाचून नाही, तर मीटिंगमध्ये कुणाचं बोलणं मध्येच तोडलं जातं आणि कुणाचं नाही, हे पाहून तो थर ओळखतो. त्याला फारसा वेळही लागत नाही.

न बोललेल्या गोष्टी

एक प्रसंग जवळून पाहू. नोकरीला लागून सहा महिने झालेली एक मुलगी आठवडाभर खपून अहवाल लिहिते आणि टीम लीडकडे पाठवते. उत्तर येत नाही. चार दिवसांनी तोच अहवाल सगळ्यांना मेलवर जातो आणि ती तो उघडते. मांडणी वेगळी, तक्ते वेगळे, तिचं एक वाक्यसुद्धा शिल्लक नाही. खाली टीम लीडचं नाव. कदाचित ग्राहकानं ऐनवेळी नमुनाच बदलून मागितला असेल. कदाचित टीम लीडनं रात्री जागून ते केलं असेल आणि तिला सांगायचं राहून गेलं असेल. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. तिच्या हातात आहे ती फक्त एक रिकामी जागा, आणि ती जागा तिचं मन भरून काढतं: ‘माझं लिखाण इतकं टाकाऊ होतं की सांगण्याच्यासुद्धा लायकीचं नव्हतं.’ पुढच्या वेळी ती पहिल्याच पानावर घाबरत लिहिते, लिखाण खरोखरच अवघडलेलं होतं, आणि टीम लीडला वाटतं, हिला जरा कमीच जमतं. दोन मिनिटांचा फोन झाला नाही, एवढ्यावरून हे घडलं.

कामाच्या ठिकाणी आरडाओरडा करणारा साहेब सगळ्यांना दिसतो. दुर्लक्ष कुणाला दिसत नाही, आणि माझ्या मते जास्त खच्चीकरण तेच करतं. किप्लिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत लोकांना संगणकावर चेंडू फेकण्याचा एक साधा खेळ खेळायला देतात. आणखी दोन खेळाडू असल्याचं त्यांना सांगितलं जातं. खरं तर ते प्रोग्रॅमच असतात. सुरुवातीला एक-दोनदा चेंडू मिळतो, नंतर ते दोघं आपापसातच खेळत राहतात. काही मिनिटांचा खेळ, अनोळखी मंडळी, हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नाही. तरीही वगळलेल्या लोकांची आपलेपणाची, स्वतःच्या किमतीची, परिस्थितीवरच्या ताब्याची भावना घसरते. २००४ च्या एका प्रयोगात तर समोर संगणकच खेळतो आहे हे आधी सांगूनही लोकांना वाईट वाटलंच. मग ज्यांच्याशी रोज गाठ पडते अशा खऱ्या माणसांनी मेलमधून नाव गाळलं, निर्णय परस्पर घेतले, नमस्काराला उत्तर दिलं नाही, तर काय होत असेल?

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. अमेरिकेत एमी व्रेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयात सफाईचं काम करणाऱ्यांशी बोलून अभ्यास केला. काम एकच, तरी काहीजण ते फक्त झाडणं-पुसणं म्हणून सांगत, तर काहीजण रुग्णांची विचारपूस करत, परिचारिकांच्या वेळा पाहून आपलं काम आखत आणि स्वतःला रुग्ण बरा करण्याच्या कामातला एक हात मानत. हे ऐकून पुष्कळजण म्हणतात, बघा, सगळं दृष्टिकोनावर आहे. पण याच मंडळींच्या मुलाखतींतून हेही पुढे आलं की आजूबाजूचे लोक त्यांच्याशी कसे वागतात यावर त्यांची स्वतःच्या मोलाची जाणीव ठरत होती. आपण तिथे नाहीच असं समजून कुणी शेजारून जातं, कुणी थांबून दोन शब्द बोलतं. दृष्टिकोनाला टेकायला काहीतरी लागतं, आणि ते दुसरी माणसंच देऊ शकतात.

चूक आणि माणूस

संस्थेची खरी ओळख चुकीच्या दिवशी होते. ‘या तक्त्यात तिसरा आकडा चुकला, तो आधी दुरुस्त करू’ आणि ‘तुझं नेहमीचंच आहे’ या दोन वाक्यांत वेळ सारखाच जातो. पहिलं वाक्य कामाबद्दल आहे. दुसरं माणसाबद्दल आहे, आणि त्याला दुरुस्त करायला काही हातात ठेवत नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९६ च्या आपल्या अभ्यासात एक चक्रावून टाकणारी गोष्ट आढळली. रुग्णालयातल्या ज्या पथकांत आपसातले संबंध आणि नेतृत्व चांगलं होतं, तिथे औषध देण्यातल्या चुकांची नोंद जास्त होती. चांगली माणसं जास्त चुका करतात की काय? उलगडा असा झाला की तिथे लोक चुका लपवत नव्हते. १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ पथकांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की प्रश्न विचारला, चूक कबूल केली, मदत मागितली तरी आपला पाणउतारा होणार नाही अशी खात्री जिथे असते, तिथे पथक शिकतं आणि कामही चांगलं होतं. ही खात्री नसेल तर माणूस आपली बुद्धी कामात न घालता स्वतःला सांभाळण्यात खर्च करतो. बाहेरून तो मंद दिसतो. काही दिवसांनी त्यालाही तेच खरं वाटू लागतं.

अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचं, असंच आहे. अॅलन लिंड आणि टॉम टायलर यांचं संशोधन सांगतं की निर्णय आपल्या बाजूनं लागला की नाही याइतकंच, तो कसा घेतला गेला याला लोक महत्त्व देतात. आपलं ऐकून घेतलं का, कारण सांगितलं का, सगळ्यांना एकच न्याय लावला का, यावरून आपण या गटातले मानाचे आहोत की नाही हे माणूस ताडतो. बढती हुकल्याचं दुःख ओसरतं. कारण न सांगता हुकली तर ते सलत राहतं. सगळ्यांना एका रांगेत बसवून शेवटच्या काहींना ‘कमी’ ठरवणाऱ्या पद्धतीचा इथे उल्लेख करायलाच हवा. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत जॅक वेल्च प्रमुख असताना वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १० अशी विभागणी गाजली. मायक्रोसॉफ्टनंही सक्तीची क्रमवारी वापरली आणि २०१३ मध्ये ती बंद केली. अशा पद्धतीत चांगल्या टीममध्येही कुणाला तरी तळाला ठेवावंच लागतं. गणितानं ठरलेली ती जागा ज्याच्या वाट्याला येते, तो मात्र घरी जाताना स्वतःबद्दलचा निकाल म्हणून ती घेऊन जातो.

कौतुकही कधी महागात पडतं

इथवर वाचून वाटेल की जिथे भरभरून कौतुक होतं ती जागा चांगली. नेहमी नाही. जेनिफर क्रॉकर आणि कॉनी वुल्फ यांनी २००१ मध्ये असं मांडलं की प्रत्येकाची स्वतःची किंमत कुठल्या ना कुठल्या गोष्टीवर टेकलेली असते: यश, दिसणं, इतरांची पसंती, कुटुंब, श्रद्धा वगैरे. ज्या गोष्टीवर ती टेकलेली, तिथला छोटा धक्काही मोठा लागतो.

काही संस्था हा टेकू हळूहळू एकाच जागी आणतात. रात्री अकराला मेलला उत्तर देणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक होतं. आजारपणात लॅपटॉप उघडणाऱ्याचा दाखला दिला जातो. ‘आपण सगळे एका घरातले’ असं वारंवार म्हटलं जातं. माणसाला ते आवडतं, कारण काटा वर जातो. मग छंद सुटतात, मित्र सुटतात, घरच्यांना दिलेला वेळ चोरल्यासारखा वाटू लागतो. आता त्याची किंमत सांगणारं एकच ठिकाण उरलं. अशा जागांची मला ओरडणाऱ्या साहेबापेक्षा जास्त काळजी वाटते, कारण तिथून निघावं असं माणसाला वाटतच नाही, आणि एखाद्या कपातीच्या यादीत नाव आलं की नोकरीबरोबर तो स्वतःही हरवतो.

काम गेल्यावर माणसाचं काय होतं याचं फार बारकाईनं केलेलं वर्णन मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलं. ऑस्ट्रियातल्या मारिएनताल या गावाचं पोट एकाच कापड कारखान्यावर होतं, आणि तो बंद पडला. लोकांकडे वेळच वेळ होता. तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला. पुरुषांची पावलं मंदावली होती. पगाराखेरीज नोकरी दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, आपण कशाचा तरी भाग आहोत ही जाणीव देते, असं याहोडा यांनी पुढे मांडलं. म्हणून ‘नोकरीला एवढं मनाला लावून घेऊ नकोस’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. मनाला लागणारच. प्रश्न एवढाच की टेकू एक आहे की चार.

हातात काय आहे

जे लोकांकडून काम करून घेतात त्यांच्या हातात सर्वांत जास्त आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. दुसऱ्याचं काम बदललं तर का बदललं ते सांगणं. ज्याचं काम त्याचं नाव घेणं. नकार द्यायचा तर कारणासह आणि तोंडावर देणं. चुकीबद्दल बोलताना ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द टाळणं. याला पैसे लागत नाहीत. थोडं लक्ष लागतं, आणि वरच्या माणसानं स्वतःची चूक चारचौघांत मान्य केली तर खालच्या दहाजणांची भीती कमी होते.

ज्याच्या हातात अधिकार नाही त्यानं निदान दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. माझं हे काम जमलं का, हा एक. इथली मोजण्याची पद्धत बरोबर आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कधीकधी ‘नाही’ असतं आणि ते मान्य करून शिकावं लागतं. संस्कृतीवर सगळं ढकलून चालत नाही. पण दोन्हींची सरमिसळ झाली की ‘मी कोण’ याचं उत्तर मन भलतंच देऊन टाकतं. रिकामी जागा दिसली तर अंदाज न बांधता विचारावं: ‘माझ्या मसुद्यातलं काय चाललं नाही ते सांगाल का?’ काही ठिकाणी या साध्या प्रश्नाचीही भीती वाटते. तसं असेल तर ती जागेबद्दलची माहिती आहे, तुमच्याबद्दलची नव्हे. अशा जागेतून लगेच बाहेर पडणं सगळ्यांना परवडत नाही. तोवर आपलं काम जाणणारा बाहेरचा एखादा जुना सहकारी किंवा शिक्षक गाठून त्याच्याकडून ते तपासून घेत राहावं, म्हणजे निवाडा एकाच खिडकीतून येत नाही.

नोकरी बदलली तरी जुनी मोजपट्टी काही काळ सोबत येते. चांगल्या ठिकाणी जाऊनही माणूस प्रत्येक मेलची सुरुवात माफीनं करतो, साहेबानं ‘जरा केबिनमध्ये ये’ म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो, कौतुक झालं तर त्यामागे काहीतरी असणार असं त्याला वाटतं. नव्या टीमनं याला संथपणा किंवा लाजाळूपणा समजू नये. त्याला ‘इथे घाबरायचं नाही’ असं सांगून काही होत नाही. त्याची पहिली चूक होईल, तेव्हा आजूबाजूचे काय करतात ते तो पाहील.